ते असो? नाही असत, बाई

"आक्का, माझं वय ५२. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. अंगातून वाफा निघतात, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोट सुटलं, शुगर काठावर आली. मालक म्हणतात, बसून खाल्ल्यावर हेच होणार. भात सोडला, सोमवार धरले, तरी पोट हटेना. मध्ये दिवाळीनंतर दोन दिवस डाग दिसला. वाटलं पाळी परत आली, बरंच वाटलं. ते असो. पोटासाठी काय करू?"
– केज तालुक्यातून

पाळी सलग १२ महिने आली नाही की ती गेली. गेलेली पाळी दोन वर्षांनी परत येत नसते. त्यानंतर एक थेंब दिसला तरी तो डॉक्टरला दाखवायचाच. आणि तू खूश झालीस! तुझ्यावर चिडू का तुला जवळ घेऊ, मला कळेना.

तुझ्या पोटाचं आणि या डागाचं नातं असू शकतं. अंडाशय थंडावलं की इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन घटतं. मग मांड्यांवर बसणारी चरबी पोटावर चढते, इन्सुलिनला शरीर दाद देईना होतं, शुगर वाढते. एवढं मालकांना वाचून दाखव. पण चरबी नुसती बसून राहत नाही, ती स्वतः थोडं इस्ट्रोजेन बनवते. त्याला आवर घालणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, पाळीबरोबरच गेलेलं. मग गर्भपिशवीचं अस्तर जाड होऊ शकतं, आणि त्यातून डाग दिसू शकतो. बहुतेकींच्या डागाचं कारण साधंच निघतं, आतली त्वचा सुकून नाजूक झालेली. दहात एखादीला कॅन्सर निघतो, आणि लवकर सापडला तर तो बहुतेकदा बरा होतो. (सोमवारी साबुदाणाच खातेस ना? मग शुगर उतरेल कशी?)

तू का गेली नाहीस, तेही कळलं. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंस की धाकटीची पिशवी ती ऊसतोडीला असताना काढली. भीती खोटी नाही गं. आपल्या बीडमध्ये पिशव्या इतक्या काढल्या गेल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पण डाग म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे. आधी आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी. अस्तर ४ मिलीमीटरपर्यंत असलं तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. जाड असलं तर अस्तराचा बारीक तुकडा तपासायला पाठवतात. डाग परत दिसला तर परत जायचं, अस्तर पातळ निघालेलं असलं तरी. तुकड्याचा रिपोर्ट न दाखवता कोणी "पिशवी काढू" म्हणालं, तर चप्पल घालून बाहेर ये.

या आठवड्यात अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला जा, स्त्रीरोगाच्या ओपीडीत. कापूस शेतात राहिला तर राहू दे. मालकांना नको नेऊस, धाकटीला ने. तिला तेव्हा कुणी काही विचारू दिलं नव्हतं, आता तुझ्यासाठी तीच विचारेल.