पहिल्या वर्षाची फी बघून शाळा ठरवू नका

तुम्ही लिहिता: मुलगी यंदा पहिलीत जाणार, धाकटा तीन वर्षांनी. खासगी शाळेची फी तुम्हा दोघांच्या मिळून पगाराच्या १८ टक्के. ती भरायची तर निवृत्तीसाठीची बचत 'सध्यापुरती' थांबवावी लागेल. घराजवळ सरकारी शाळा आहे, पण तिथे घातलं तर मुलीवर अन्याय होईल का?

आधी हिशेब. फी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढली आणि पगार ६ टक्क्यांनी, तर १८ चे बारावीपर्यंत २७ टक्के होतात. तेव्हा धाकटा नववीत असेल. त्याचीही तेवढीच फी धरली तर निम्म्याहून जास्त पगार शाळेला जाईल. बस, गणवेश, सहली वेगळ्याच. एवढं करून वर शिकवणी लावायची वेळ आली तर बघायलाच नको! सध्यापुरती थांबवलेली बचत पुन्हा कधी सुरू होणार, ते मला या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

राहिला अन्यायाचा प्रश्न. १५ वर्षांच्या मुलांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली वाचनात खासगी शाळांची मुलं पुढे होती. मात्र घरची आर्थिक-सामाजिक परिस्थिती जमेस धरल्यावर ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांच्या सरासरीत सरकारी शाळा पुढे निघाल्या. म्हणजे आपण शाळेला देतो त्यातलं बरंच श्रेय घराचं असतं.

पण सरासरीवर विसंबू नका, शाळेत जाऊन या. तिसरी-चौथीच्या वह्या बघायला मागा. नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत, की चूक कुठे झाली तेही बाईंनी लिहिलंय? प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक आहेत का? नसतील तर मी सरकारी शाळेचा आग्रह धरणार नाही. मग दोन्ही मुलांची फी बचतीला हात न लावता निघेल अशी कमी खर्चाची खासगी शाळा शोधा.

शाळा बरी निघाली तर चौथीपर्यंत तिथेच राहू द्या. या चार वर्षांत वाचणारी रक्कम पहिल्या वर्षीच्या फीच्या साधारण ४.६ पट भरते. निवृत्तीची बचत चालूच ठेवा आणि उरेल ते पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात वळतं करा. पाचवीत शाळा बदलावीशी वाटली तर पैसे हाताशी असतील. उलट पैशाअभावी मुलीला आठवीत खासगीतून काढावं लागलं, तर मैत्रिणी तुटतात आणि कारणही तिला पुरतं कळलेलं असतं.

खासगी शाळेत जागा अडवून ठेवायचीच असेल, तर प्रवेश रद्द केल्यावर किती पैसे परत मिळतील ते आधी लेखी घ्या.