उत्तर: वडील कचरागाडीवरून पडले, मुकादम म्हणतो ‘घरी पडलो सांगा’

‘घरी पडलो सांगा, दवाखान्याचं आम्ही बघतो’ हे मुकादमाचं वाक्य तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि राहवलं नाही. मीही ठेकेदाराच्या कॉम्पॅक्टरवर, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या गाडीवर, लोडर होतो. मागच्या पायरीवरून पडून तुमच्या वडिलांसारखंच माझंही टाचेचं हाड मोडलं.

उपचारांचं डॉक्टर सांगतीलच. तुम्ही आधी केस पेपर काढून बघा, कसे पडले म्हणून काय लिहिलंय ते. मी कळवळत पडलेलो असताना सोबत आलेल्या माणसाने परस्पर ‘जिन्यावरून घसरला’ असं सांगून टाकलं होतं. त्या एका ओळीने सगळं अडवलं. भरपाईसाठी गेलो त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, पण खिडकीवर दर वेळी तेच: ‘मालकाचा अपघात अहवाल आणा.’ ठेकेदार म्हणे, अपघात झालाच नाही, कागद बघा. अहवाल भरायचा मालकाने. तो भरत नसेल तर त्याला विचारायचं कार्यालयाने. कुबड्या घेतलेल्या माणसाला हेलपाटे कशासाठी? याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी हजेरीचं पान आणि जोडीच्या लोडरचा लेखी जबाब कामी आला. तेव्हा डॉक्टरांना खरी हकीकत सांगून ती लगेच नोंदवून घ्या. गाडी नंबर आणि वेळ घालून ठेकेदाराला व पालिकेला लेखी कळवा, पोच घ्या. पायरीचे फोटोही काढा, गाडी धुवायच्या आत. आमची पायरी झिजून गुळगुळीत झालेली, तीवर कचऱ्याचं काळं तेलकट पाणी, आणि ड्रायव्हर तुमचा एकच पाय वर आला की गाडी सोडणार.

ईएसआय (पगारातून वर्गणी कापून मिळणारा सरकारी कामगार विमा) लागू असेल तर कामावरच्या दुखापतीसाठी वर्गणी किती महिने भरली हे बघत नाहीत. घरी बसावं लागलं त्या काळात सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात. लागू नसेल तर नुकसानभरपाईचा दावा, २ वर्षांच्या आत. त्यात ठेकेदारासोबत पालिकेलाही ओढा; ज्याचं काम त्याच्यावरही जबाबदारी, हे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून आहे. मी वकील नाही, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत कलमांचे आकडे बदललेत, ते युनियनच्या वकिलाकडून तपासून घ्या.

आणि ‘पैसे मिळाले, तक्रार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून मागतील. सही करू नका. आधीच केली असेल तरी घाबरू नका, अशा कागदाने भरपाईचा हक्क जात नाही.