टॉवेलवर ऑस्ट्रेलियन आदिवासी नक्षी: सल्लागार आणि करार कसा करावा?

सोलापुरातल्या टेरी टॉवेल कारखानदाराने हेच विचारलंय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. नक्षीबाबत सल्ला देणारा आदिवासी सल्लागार 'सप्लाय नेशन'च्या, म्हणजे आदिवासी उद्योगांची नोंद ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलियन संस्थेच्या यादीत शोधा. तिथे 'नोंदणीकृत' म्हणजे किमान ५० टक्के आदिवासी मालकी. 'प्रमाणित' म्हणजे ५१ टक्के किंवा जास्त, आणि कारभारही त्यांच्याच हातात. शक्यतो प्रमाणितच निवडा.

त्याला पहिला प्रश्न विचारा: ही नक्षी कोणाची? चित्र एकाचं असलं तरी त्यातली कथा बहुधा समाजाची असते, त्यामुळे संमती दोघांचीही घ्या. काही चिन्हं पवित्र असतात, अंग पुसायच्या कापडावर ती चालणार नाहीत. इंटरनेटवरून ठिपक्यांची नक्षी उचलू नका. सोलापुरी चादरीची नक्कल झाली की आपल्याला जसं लागतं, तसंच त्यांना लागतं. इंडोनेशियात बनलेल्या वस्तू आदिवासी कला म्हणून विकणाऱ्या एका कंपनीला ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने २०१९ मध्ये २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

काम बिघडतं ते विणताना. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, रंग मोजकेच बसतात आणि टेरीच्या धाग्यांच्या वेटोळ्यांत बारीक ठिपके पसरतात. म्हणून आधी नमुना विणून चित्रकाराला पाठवा. लेखी मंजुरी आल्याशिवाय मागावर पूर्ण बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) चढवू नका.

करार चित्र वापरायच्या परवान्याचा करा, चित्राच्या मालकीचा नको. त्यात नगसंख्या, देश, मुदत आणि रॉयल्टी लिहा. सल्लागाराची फी वेगळी ठेवा, रॉयल्टीतून कापू नका. लेबलवर चित्रकार, त्याचा समाज आणि 'मेड इन इंडिया' ठळक हवं.

२९ डिसेंबर २०२२ पासून लागू असलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारातली आयातशुल्काची सवलत मिळवायला उगम प्रमाणपत्र, म्हणजे माल भारतात बनल्याचा दाखला लागतो.