वाचकांचे प्रश्न : हबमधून कॉकपिटकडे

प्रश्न : मी लुईव्हिलमध्ये यूपीएस या पार्सल कंपनीच्या वर्ल्डपोर्ट या हबमध्ये (माल गोळा करून पुढे पाठवण्याच्या केंद्रात) रात्रीच्या सॉर्टला, म्हणजे पार्सलं वेगळी करायच्या पाळीला, अर्धवेळ काम करतो. वय २६, ग्रीन कार्ड आहे. प्रायव्हेट पायलट लायसन्स झालंय आणि लॉगबुकमध्ये ११० तास आहेत. कंपनीच्या आतूनच वैमानिकाच्या जागेसाठी अर्ज करता येईल का, की नोकरी सोडून पूर्णवेळ उड्डाणाच्या मागे लागू?
— एक वाचक, लुईव्हिल, केंटकी

उत्तर : आतून अर्ज करता येतो. पार्सलं चढवता-उतरवता वैमानिक झालेली माणसं तुमच्याच कंपनीत आहेत. मात्र आतला माणूस म्हणून तासांत सवलत मिळत नाही. अमेरिकेत २०१३पासून मोठ्या विमान कंपन्यांत, मग त्या मालवाहू असोत की प्रवासी, को-पायलटलाही एटीपी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट) हे सर्वांत वरचं लायसन्स लागतं. त्यासाठी वय २३ आणि १५०० तास. मान्यताप्राप्त विद्यापीठाची उड्डाणशास्त्रातली चार वर्षांची पदवी असेल तर १००० तासांवर, वयाच्या २१व्या वर्षी मर्यादित एटीपी मिळतं. या झाल्या कायद्याच्या किमान अटी. निवडीत त्याहून जास्त अनुभव असलेले लोक तुमच्यासमोर असतील.

तेव्हा आजच्या नोकरीकडे तास भरेपर्यंतचा आधार म्हणून बघा. अर्धवेळ कामावर आरोग्य विमा आहे, शिवाय लुईव्हिलमध्ये मेट्रोपॉलिटन कॉलेजची योजना आहे. रात्रपाळी करणाऱ्यांची कॉलेजची फी त्यातून भरली जाते. मात्र कॉलेजची फी आणि विमानाचं ताशी भाडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या अभ्यासक्रमातला कोणता खर्च बसतो, हे प्रवेश घेण्याआधी लेखी विचारून घ्या.

आता हिशेब. कमर्शियल लायसन्सला (पैसे घेऊन उडवण्याच्या परवान्याला) साधारण २५० तास लागतात. त्यानंतर बहुतेक जण इन्स्ट्रक्टर होऊन, म्हणजे इतरांना उडवायला शिकवून, तास भरतात. पूर्णवेळ शिकवलं आणि महिन्याला ६५ तास मिळाले, तर उरलेल्या १२५० तासांना एकोणीस-वीस महिने लागतील. नोकरी सांभाळून महिन्याला २५च तास झाले, तर तेच काम चार वर्षांहून जास्त चालेल. आमचं मत स्पष्ट आहे : इन्स्ट्रक्टरचं रेटिंग हातात येईपर्यंत नोकरी सोडू नका, आणि ते आल्यावर पूर्णवेळ शिकवायची संधी मिळाली तर सोडायला कचरू नका. राजीनामा रीतसर मुदत देऊन द्या आणि ‘पुन्हा घेण्यास पात्र’ अशी नोंद झाली आहे ना, याची खात्री करा. गैरहजेरीचे शेरे असलेली फाइल आतल्या उमेदवाराला बाहेरच्यापेक्षा जास्त नडते, कारण ती त्याच इमारतीत पडलेली असते.

सॉर्ट पहाटे संपल्यावर थेट सकाळी सातचा धडा घेऊ नका. झोप काढा आणि दुपारची वेळ मागा. दमलेला विद्यार्थी तोच धडा तीनदा घेतो आणि तिन्ही वेळा भाडं भरतो.

लॉगबुकबद्दल थोडं सविस्तर, कारण घोटाळे इथेच होतात. एटीपीच्या १५०० तासांमध्ये ५०० तास क्रॉस-कंट्री (लांबच्या ठिकाणापर्यंतचं उड्डाण), १०० तास रात्रीचे, ७५ तास इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर), २५० तास विमानप्रमुख म्हणून आणि ५० तास मल्टी-इंजिनचे हवेत. एकाच इंजिनच्या विमानावर शिकवत राहिलेला इन्स्ट्रक्टर १५०० गाठतो आणि मल्टी-इंजिनच्या ५० तासांवर अडकतो. त्यांतले २५पर्यंत तास मान्यताप्राप्त प्रशिक्षणातल्या फुल-फ्लाइट सिम्युलेटरवर भरता येतात. बाकीच्यांची तजवीज कमर्शियलच्या टप्प्यापासूनच करा. दुसरं, क्रॉस-कंट्रीसाठी दोन रकाने ठेवा. प्रायव्हेट आणि कमर्शियलसाठी ५० नॉटिकल मैलांपलीकडे उतरणं आवश्यक असतं. एटीपीसाठी तेवढं अंतर गाठलं तरी पुरतं, उतरलं नाही तरी तास धरले जातात. एकच रकाना ठेवणाऱ्याचे असे कितीतरी तास मोजायचे राहून जातात.

मधला टप्पा फीडर कंपन्यांचा, म्हणजे मोठ्या कंपनीचा माल लहान विमानतळांवर नेणाऱ्यांचा. कॅरावॅनसारखं एक इंजिनचं मालवाहू विमान इन्स्ट्रुमेंट नियमांखाली एकट्याने उडवायला १२०० तास लागतात. टर्बाइन इंजिनच्या विमानावर विमानप्रमुख म्हणून मिळालेले हे तास मोठ्या कंपनीच्या अर्जात वजनदार ठरतात. अमेरिफ्लाइट ही यूपीएसचा माल लहान विमानतळांवर नेणारी कंपनी. फेडेक्ससाठी हेच काम माउंटन एअर कार्गो आणि एम्पायर करतात. एटीपीच्या लेखी परीक्षेआधी एटीपी-सीटीपी हा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो : ३० तास वर्गात, १० तास सिम्युलेटरवर. बऱ्याच कंपन्या नेमणुकीनंतर त्याचा खर्च उचलतात. म्हणून खिशातून भरण्याआधी चौकशी करा.

आणि फर्स्ट क्लास मेडिकल, म्हणजे वैमानिकाची सर्वांत कडक वैद्यकीय तपासणी, आजच करून घ्या, पुढच्या तासाचे पैसे भरण्याआधी. मेडएक्सप्रेस या संकेतस्थळावर भरलेला तपासणीचा अर्ज ६० दिवसच चालतो. जुना आजार किंवा औषध असेल तर अर्ज भरण्याआधी डॉक्टरांशी सल्लामसलत करा आणि मग खरं तेच लिहा.

एक गोष्ट गृहीत धरा : वैमानिकांची सिनियॉरिटी वैमानिक म्हणून रुजू झाल्यापासून मोजली जाते. हबमधली वर्षं त्यात धरत नाहीत.

प्रश्न : ओळखीच्या कॅप्टनकडून शिफारसपत्र घेतलं तर किती उपयोग होतो?
— एक वाचक, शिकागो

उत्तर : ज्याने तुमच्याबरोबर उड्डाण केलंय किंवा तुमचं काम रोज पाहिलंय, त्याच्या पत्राचा. रॅम्पवर (विमानं उभी असतात तिथे) नमस्कार होतो एवढ्या ओळखीच्या पाच पत्रांपेक्षा तुमच्या पर्यवेक्षकाचं एक नेमकं पत्र बरं. भरती बंद असेल तेव्हा मात्र कोणतंच पत्र चालत नाही. २०२३मध्ये फेडेक्सकडे कामाच्या मानाने वैमानिक जास्त झाले आणि यूपीएसने वैमानिकांना स्वेच्छानिवृत्ती देऊ केली. अशा काळासाठी अ‍ॅटलस, कलिटा या मालवाहू कंपन्यांकडे किंवा प्रादेशिक प्रवासी कंपनीकडे अर्ज तयार ठेवा.

प्रश्न : पती एच-१बीवर, मी एच-४वर (जोडीदाराच्या व्हिसावर) काम करायच्या परवान्यासह मेम्फिसमध्ये आहे. कार्गो कंपनीत डिस्पॅचर होऊन पुढे वैमानिक होता येईल का?
— एक वाचक, मेम्फिस, टेनेसी

उत्तर : डिस्पॅचरचं, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाची आखणी करण्याचं, काम उत्तम शाळा आहे. हवामान, इंधन, पर्यायी विमानतळ हे सगळं वैमानिकाच्या बरोबरीने ठरवायला मिळतं. लायसन्सला वय २३ लागतं, परीक्षा २१व्या वर्षी देता येते आणि अभ्यासक्रम किमान २०० तासांचा असतो. या कामाने लॉगबुकमध्ये एकही तास वाढत नाही, हे मात्र धरून चाला.

अमेरिकी नागरिक नसलेल्यांना, ग्रीन कार्डधारकांनाही, प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट आणि मल्टी-इंजिन या प्रशिक्षणांआधी टीएसए या वाहतूक-सुरक्षा खात्याची सुरक्षा तपासणी पार करावी लागते. तिच्याआधी धडे सुरू करू नका. खरी अडचण मुदतीची आहे. तुमचा परवाना पतीच्या व्हिसावर अवलंबून आहे आणि मालवाहू कंपनीला देशाबाहेर कधीही जाऊन परत येऊ शकणारा माणूस हवा असतो. ग्रीन कार्ड दूर असेल तर आधी डिस्पॅचर व्हा, प्रायव्हेट लायसन्सपर्यंत शिका आणि मोठं कर्ज तूर्त काढू नका.

प्रश्न : मुंबई विमानतळावर एक्स्प्रेस कार्गो कंपनीत लोड-अँड-ट्रिमचं (विमानातल्या वजनाचा तोल मांडण्याचं) काम करतो. बारावी कॉमर्स. भारतात हा मार्ग आहे का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : आहे, पण जागा मोजक्या आहेत. ब्लू डार्ट एव्हिएशन चेन्नईहून बोइंग ७५७ आणि ७३७ मालवाहू विमानं चालवते, इंडिगोकडे ए३२१ मालवाहू आहेत. यादी फार लांबत नाही. भारतात को-पायलटला १५०० तासांची अट नाही. २०० तासांचं सीपीएल (कमर्शियल लायसन्स), मल्टी-इंजिन इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि त्या विमानाचं टाइप रेटिंग (त्याच प्रकारचं विमान उडवण्याची मान्यता) लागतं.

लायसन्ससाठी बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित लागतात, म्हणून कॉमर्सवाल्यांनी एनआयओएस या मुक्त शाळेतून हे दोन विषय द्यावेत. ही अट शिथिल करण्याची चर्चा आहे, पण चर्चेच्या भरवशावर वर्ष घालवू नका. आधी क्लास टू, मग क्लास वन मेडिकल. लेखी विषयांना ७० टक्के लागतात, आणि नोकरीत असतानाच हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, रेग्युलेशन्स काढून टाकता येतात. उड्डाणासाठी मात्र गोंदिया, बारामती किंवा शिरपूरसारख्या ठिकाणी जाऊन राहावं लागतं. सुटीच्या दिवसांत २०० तास होत नाहीत. बिनपगारी रजा मिळते का ते आधी विचारा. टाइप रेटिंगचे पैसे नोकरीचं पत्र हातात येण्याआधी भरू नका. ७३७चं रेटिंग घेतलं आणि जागा ए३२१ची निघाली, तर ते पैसे अडकून पडतात.