व्हॉल्व्हचा अॅम्प अडीच वर्षं ठेवायचा तर

प्रश्न : मुलाकडे गिटारचा व्हॉल्व्हवाला (काचेच्या नळ्यांचा) अॅम्प आहे, स्पीकर त्याच पेटीत. मुलगा अडीच वर्षांसाठी परदेशी शिकायला चाललाय. आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कॉटखाली ठेवावा म्हणतो. व्हॉल्व्ह काढून ठेवू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कॉटखाली? गावभागात? अहो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ ची. वरच्या मजल्यावर कुणी जागा देत असेल तर तिथे ठेवा, नाहीतर मिरजेकडच्या एखाद्या नातेवाइकाला गळ घाला. पत्र्याखालचा माळा मात्र नको, एप्रिल-मेमधला उकाडा आतल्या कपॅसिटरना, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांना, सोसत नाही.

प्लास्टिकही नको. आत कोंडलेला दमटपणा बाहेर पडत नाही आणि स्पीकरच्या कागदी कोनला बुरशी धरते. जुनी सुती चादर टाका, खाली पाट ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब. पेटीची मागची बाजू उघडी असेल तर तिथे बारीक जाळी लावा. उंदरांना ती जागा फार आवडते.

व्हॉल्व्ह जागेवरच राहू द्या. गाडीतून हलवायचा असेल तेवढ्यापुरते काढा, कुठला कुठल्या सॉकेटचा ते चिकटपट्टीवर लिहा, कापडात गुंडाळा. काचेच्या आत आरशासारखा चंदेरी डाग दिसतो ना, तो पांढराफटक झाला की समजायचं, हवा शिरली आणि व्हॉल्व्ह गेला.

आता खरी काळजी कपॅसिटरची. माझी उमेदवारी व्हॉल्व्हच्या रेडिओंवर झाली, तेव्हापासून हेच बघतोय. फिल्टर कपॅसिटरच्या आत अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, विजेचा सगळा दाब (व्होल्टेज) तोच पेलतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की तो थर कमकुवत होतो. मग एके दिवशी हौसेनं बटण दाबलं आणि एकदम ४०० व्होल्ट आले, की करंट गळतो, कपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फुटतोही. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा घरातल्या कुणीतरी अॅम्प अर्धा-पाऊण तास चालू ठेवावा. स्टँडबायचं बटण असेल तर आधी व्हॉल्व्ह तापू द्यावेत, मग ते सोडावं. नुसत्या स्टँडबायवर ठेवून उपयोग नाही, कपॅसिटरपर्यंत दाब पोचायला हवा. स्पीकरची वायर लावलेली आहे ना, हे आधी पाहायचं. स्पीकरशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो बदलणं खिशाला परवडत नाही.

हे जमणारं नसेल तर मुलगा परत आल्यावर थेट प्लगमध्ये घालू नका. ज्याच्याकडे डिमरस्टॅट, म्हणजे विजेचा दाब कमी-जास्त करायचं यंत्र, आहे अशा मेकॅनिककडे न्या. तो दाब हळूहळू चढवत कपॅसिटर पुन्हा तयार करतो. रेक्टिफायरही (एसीची डीसी वीज करणारा भाग) व्हॉल्व्हचाच असेल तर त्याला ते आधी सांगा, कारण कमी दाबात त्याचा फिलामेंट नीट तापत नाही आणि पुढे काही पोचतच नाही. अॅम्पच्या वीजजोडणीत मध्ये एक साधा बल्ब (सिरीज बल्ब) लावून तपासणारेही आहेत. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि अॅम्प वाचतो, पण कपॅसिटर तयार करायला डिमरस्टॅटच बरा.

आणि पेटी उघडून आत बोट घालायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. वरून धूळ झटकायला कोरडा ब्रश पुरे.