टेरिटरी तिची, ग्रुप त्यांचा

“काम येतं, डॉक्टर नावानिशी ओळखतात, पण बाकीचे एमआर मला आपल्यातली मानत नाहीत. ग्रुपवर मी काही लिहिलं की सगळे गप्प होतात. मी चुकीच्या लाइनमध्ये आले का?” एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणून औषध कंपन्यांसाठी फील्डवर फिरणाऱ्या मुली आमच्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा शब्द थोडे बदलतात, प्रश्न हाच असतो. त्यांतल्याच एकीबद्दल हे लिहीत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, अडचण मात्र होती तशीच ठेवली आहे.

वय २६, शिक्षण बी. फार्म., हेडक्वार्टर सोलापूर. बार्शी आणि पंढरपूर ही एक्स-स्टेशनं, म्हणजे रात्री घरी परत. लातूरला महिन्यातून दोनदा मुक्काम. रोजचे दहा-अकरा डॉक्टर आणि पाच-सहा केमिस्ट. नोकरीला सव्वा वर्ष झालेलं. त्या पट्ट्यात नेहमी दिसणाऱ्या एमआरमध्ये बाई ही एकटीच. झोप उडाली होती, रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधडायचं आणि विक्री तीन महिने घसरत होती.

या धंद्यात बाकीचे एमआर प्रतिस्पर्धी असतात, तसा एकमेकांना आधारही असतात. अमुक डॉक्टर आज बाहेरगावी आहेत, तमुक हॉस्पिटलने एमआरना भेटायचा वार बदलला, कुठल्या स्टॉकिस्टकडे, म्हणजे दुकानांना माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याकडे, माल पडून आहे, कुठला केमिस्ट चिठ्ठीवरचा ब्रँड बदलून देतोय, यातलं काहीच कंपनीकडून कळत नाही. हे कळतं हॉस्पिटलखालच्या मेडिकलपाशी, चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यामुळे ‘ग्रुपकडे लक्ष नको देऊस, आपलं काम कर’ हा घरच्यांचा सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी तिच्या कामाचा नव्हता. ग्रुपबाहेर राहणं म्हणजे महिन्याच्या क्लोजिंगला, म्हणजे महिनाअखेरच्या विक्रीच्या हिशेबात, मार खाणं.

तिला ग्रुपमधून कोणी काढलं नव्हतं. रात्री कोणी अचकट विनोद टाकला की खाली दुसरा लिहायचा, “ताई आहेत ग्रुपमध्ये, जरा जपून.” लिहिणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असेल, पण सगळ्यांच्या मोकळेपणात आडवी येणारी ती, असा त्याचा अर्थ व्हायचा. काही आठवड्यांनी ग्रुप थंडावला. मग एक दिवस ती सत्तर किलोमीटर स्कूटरवर बार्शीला गेली आणि कळलं की डॉक्टर दोन दिवसांच्या कॉन्फरन्सला गेलेत. बाकी कोणीच तिकडे फिरकलं नव्हतं. तिला वगळून दुसरा ग्रुप तयार झाला होता. त्यात डॉक्टरांच्या भेटीवरून तोंडावरचं ठरलेलं वाक्य होतंच: “तुमचं बरंय मॅडम, साहेब तुम्हाला लगेच आत घेतात.”

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ साली एका मोठ्या कंपनीच्या विक्री विभागातल्या मूठभर बायकांचा अभ्यास मांडला होता. बायकांचं प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या खाली असलं की तीन गोष्टी घडतात, असं त्यांनी दाखवलं. त्या बाईची प्रत्येक हालचाल नजरेत येते. ती समोर असली की पुरुषांचा घोळका आपलं पुरुषपण जास्तच ठळक करतो. आणि तिला आई, लाडकी, मोहिनी किंवा खडूस अशा एखाद्या साच्यात बसवून मोकळा होतो. तिला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. आपल्या स्वभावातच काहीतरी खोट आहे, असं ती वर्षभर धरून चालली होती. निम्मा भाग निव्वळ संख्येचा आहे हे कळणं उपचाराचाच भाग असतो, म्हणून हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो.

दोन आठवडे तिने रोजची नोंद ठेवली: काय घडलं, मनात काय आलं, त्रास शंभरपैकी किती, मग काय केलं, पुढे काय झालं. प्रत्येक प्रसंगाला चार-पाच ओळी, त्याच दिवशी लिहिलेल्या. रात्री आठवून एकदम लिहिलं की सगळे प्रसंग सारख्याच रंगाचे दिसतात आणि नोंदीचा उपयोग राहत नाही. वाचताना दोन ढीग वेगळे झाले. एक खऱ्या अडवणुकीचा: दुसरा ग्रुप, ते वाक्य, एकाचे रात्रीचे मेसेज. दुसरा अंदाजांचा. उदाहरणार्थ, दुपारी दोनला विचारलेल्या प्रश्नाला ग्रुपवर उत्तर आलं नाही. पण मागचे मेसेज चाळले तर त्या वेळी कोणालाच कोणी उत्तर देत नव्हतं. हे ढीग वेगळे करायलाच हवेत. खऱ्या अन्यायाला ‘तुझ्या विचारांतली चूक’ म्हणणारं समुपदेशन नुकसान करतं, आणि प्रत्येक शांततेला अन्याय मानलं की माणूस खचतो.

नोंदीत आणखी एक गोष्ट सापडली. ते घोळक्याने उभे असायचे त्या मेडिकलवर जाणं तिने बंद केलं होतं. तिथे न गेल्याने आरसीपीए राहिलं, म्हणजे कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर कोणता ब्रँड किती जातो याची केमिस्टकडे बसून घ्यायची नोंद. आरसीपीए नाही म्हणून डॉक्टरसमोर बोलायला नेमकं काही नाही, म्हणून चिठ्ठ्या कमी, म्हणून विक्री कमी, आणि मग ‘मला जमत नाही’ याला पुरावाच मिळाला. टाळल्याने त्या दिवसाची धडधड थांबायची, म्हणूनच ती सवय घट्ट झाली होती.

यावर पायऱ्या लावल्या. सर्वांत कमी त्रासाची, शंभरपैकी साधारण तीसची: घोळका येण्याआधी, सकाळी साडेदहाला त्याच मेडिकलवर जाऊन दहा मिनिटं आरसीपीए. पुढची, पन्नासची: तिथे घोळका असताना जाणं, दुकानदाराशीच बोलणं, काम संपल्यावर निघणं. सत्तरची: घोळक्यातल्या एकाला कामाचा एक प्रश्न विचारणं. एक पायरी आठवड्यात तीनदा, आणि त्रास निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. इथे बहुतेक जणी एकच चूक करतात: कानाला फोन लावून किंवा टॅबमध्ये डोकं घालून उभ्या राहतात. शरीर तिथे असतं पण टाळणं चालूच असतं, त्यामुळे महिना गेला तरी भीती तसूभर कमी होत नाही. तीही पहिल्या आठवड्यात हेच करत होती. फोन पर्समध्ये ठेवायचा ठरवल्यावर फरक पडायला लागला.

‘साहेब लगेच आत घेतात’ याला उत्तर द्यायचा सराव खोलीत बसून केला. सुरुवातीला ती दोन-तीन मिनिटं खुलासा करायची: किती वेळ थांबते, किती वाजता घरी पोहोचते. खुलासा लांबला की आरोपाला वजन येतं आणि समोरच्याला मजा. शेवटी ठरलं ते एवढंच: “मीही ओपीडी संपेपर्यंत थांबते. काल साडेनऊ वाजले.” आवाज वर नाही, हसून सोडून देणं नाही, आणि लगेच दुकानदाराकडे वळून पुढचं काम. दुसऱ्यांदा तेच ऐकू आलं तर हेच वाक्य, शब्दही न बदलता.

ग्रुप सोडायचा नाही, म्यूट करायचा. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी सहा, दोनदाच बघायचा. रात्री नऊनंतर काहीही आलं तरी उत्तर नाही. आठवड्यातून दोनदा आपल्याकडची पक्की माहिती टाकायची: अमुक डॉक्टर सोमवारपासून नाहीत, तमुक क्लिनिकची वेळ बदलली. उत्तर येवो न येवो, टाकायची. आणि प्रश्न ग्रुपवर मोघम विचारायचा नाही, एकाला नाव घेऊन वैयक्तिक मेसेजमध्ये विचारायचा, कारण घोळक्यात मदत करायला लाजणारा माणूस एकट्याला विचारलं की सहज सांगतो. दुसऱ्या ग्रुपबद्दल तिला सगळ्यांसमोर लांबलचक पोस्ट लिहायची होती. तसं केलं असतं तर दोन तासांत बाजू पडल्या असत्या आणि स्क्रीनशॉट फिरले असते. त्याऐवजी ती ॲडमिनशी समोरासमोर बोलली: “गप्पांच्या ग्रुपमध्ये मला यायचं नाही. डॉक्टरांच्या वेळांचा ग्रुप वेगळा करा, त्यात मला घ्या.” ज्येष्ठ माणूस होता, त्याने केला. मागणी गप्पांची नसून माहितीची होती, म्हणून नाही म्हणायला त्याला कारण उरलं नाही.

मॅनेजरशीही तसंच बोलावं लागतं. “सर, मला सपोर्ट करा” असं म्हटलं की “आहेच की” एवढंच उत्तर येतं. तिने टूर प्रोग्रॅम, म्हणजे महिन्याच्या भेटींचं वेळापत्रक, समोर ठेवून नेमकं मागितलं: रात्री साडेनऊनंतर भेटणारे तीन डॉक्टर सकाळच्या वेळेत बसवायचे, लातूरचं लॉज बसस्टँडमागचं नको, चोवीस तास रिसेप्शन असलेलं हवं, आणि एका डॉक्टरकडे पुढचे दोन महिने जॉइंट वर्किंगच, म्हणजे मॅनेजरसोबतच जाणं. सगळं ईमेलवर. पहिल्या दोन गोष्टी मिळाल्या, तिसरी एकच महिना. आणखी एक गोष्ट ती कोणालाच सांगत नव्हती. दिवसभर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून ती पाणीच प्यायची नाही, आणि वर्षात दोनदा लघवीचा संसर्ग झाला होता. मग प्रत्येक गावातली वापरता येतील अशी ठिकाणं, नर्सिंग होम, पेट्रोल पंप, एखादं चांगलं हॉटेल, तिने कॉल लिस्टमध्येच लिहून ठेवली. चिडचिड आणि थकव्याचा बराच भाग एवढ्याने उतरला.

रात्रीचे मेसेज हा वेगळा विषय आहे आणि तो ‘जमवून घेण्यात’ बसवू नये. दुसऱ्या कंपनीचा एक जण तिला फोटो पाठवायचा आणि काही मिनिटांत डिलीट करायचा. अशा वेळी आलेला मेसेज दिसताक्षणी नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर ठेवावं, एकदा स्पष्ट लिहावं: “असे मेसेज पाठवू नका.” त्यानंतर वाद नाही. स्क्रीनशॉट घेण्याआधी ब्लॉक करून चॅट पुसून टाकलं तर हातात काहीच उरत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी. कामानिमित्त जिथे जावं लागतं ते दवाखाने, दुकानं आणि कंपनीने दिलेलं वाहनही त्यात कामाचं ठिकाण धरलेलं आहे. लेखी तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत करायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्रास देणारा बाहेरचा असला तरी तिला पोलिसांत तक्रार करायला मदत करणं हे तिच्या कंपनीचं काम आहे, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ अशा छळासाठीच आहे. तिने समितीला लिहिलं. मेसेज थांबले.

दहा आठवड्यांनी काय झालं? तिघे जण आता स्वतःहून तिला फोन करतात. ते वाक्य बोलणारा अजून बोलतो. तिला वगळून केलेला तो गप्पांचा ग्रुप तिच्याशिवाय चालूच आहे आणि त्यात काय चालतं हे तिला कळत नाही, कळावं असंही तिला वाटत नाही. स्टॉकिस्टचा माणूस मात्र एक्स्पायरी जवळ आली की आधी तिला सांगतो, आणि बार्शीसारखा फुकटचा हेलपाटा पुन्हा पडलेला नाही. आमच्या मते एवढा स्वीकार कामाला पुरतो. सगळ्यांनी आपलं म्हणावं म्हणून धडपडणाऱ्या मुली या लाइनमध्ये सर्वांत लवकर दमतात, कारण ती परवानगी देणारा कोणी एक माणूस नसतोच.

झोप तीन आठवड्यांहून जास्त उडालेली असेल, फील्डवर जाताना उलटी किंवा घुसमट होत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे सगळे उपाय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि समितीच नाही, मॅनेजरच त्रासाचं मूळ आहे, किंवा लेखी मागण्यांना दोन महिने उत्तरच नाही, अशी स्थिती असेल तर कंपनी बदलणं हा योग्य निर्णय आहे. नव्या ठिकाणी मुलाखतीत चार गोष्टी विचाराव्यात: या रिजनमध्ये बायका किती आहेत, मुक्काम महिन्यातून किती, लॉज कोण ठरवतं, आणि अंतर्गत समितीवर कोण आहे. शेवटच्या प्रश्नाला एचआरला नावं सांगता आली नाहीत, तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी ती लेखी मागून घ्यावीत.