अंगाईचं शिल्प: बटण काढा, थोपटण्याला उत्तर द्या

तुमचा बेत मला असा समजला: आईच्या आवाजातली अंगाई जुन्या कॅसेटवर आहे, घरातला लाकडी पाळणा आहे, आणि त्याच्या कठड्यावर बटण बसवून ते दाबलं की अंगाई वाजवायची, असं शिल्प प्रदर्शनात मांडायचं. मुलगी झाल्यापासून हे डोक्यात घोळतंय, पण जमून येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते सगळी अडचण त्या बटणाची आहे. बटण दाबून माणूस फक्त रेडिओ लावतो. लेकराला निजवताना आपला हात जे करतो, ते पाहणाऱ्याच्या हाताला करायला मिळू द्या.

राफाएल लोझानो-हेमर या कलाकाराचं 'पल्स रूम' जरूर बघा: छतभर टांगलेले बल्ब आणि नाडी ओळखणारा एक दांडा, अशी ती मांडणी आहे. बायकोच्या पोटातल्या जुळ्यांचे ठोके दोन सोनोग्राफी यंत्रांवर एकाच वेळी ऐकताना त्यांना ते सुचलं. 2006 साली मेक्सिकोतल्या पुएब्ला इथल्या एका जुन्या कापडगिरणीत ते पहिल्यांदा मांडलं गेलं. दांडा हातात धरला की आपल्या नाडीच्या ठोक्यावर बल्ब उघडझाप करतो. आपण सोडला की तो ठोका छतावरच्या रांगेतल्या पहिल्या बल्बकडे जातो आणि आधीच्या सगळ्यांचे ठोके एकेक घर पुढे सरकतात. बापपणातून आलेली कलाकृती आहे, पण बाळाचं चित्र कुठेच नाही.

तुमच्यासाठी मी पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाएवढं गाठोडं ठेवेन. वजन तीन किलोच्या आसपास, म्हणजे हाताला लगेच ओळख पटते. आत धुतलेली, वाळवलेली रेती दुहेरी शिवलेल्या पिशवीत आणि भोवती कापूस. बाजरी-तांदूळ भरू नका, कीड लागते. वरची खोळ आईच्या सुती साडीची, धावदोरा घातलेली, नाडीने बांधायची. शेकडो हात लागणार, तेव्हा धुता यायला हवी.

खोळीखाली फेल्टच्या दोन थरांत दोन-तीन पायझो चकत्या, म्हणजे थाप पडली की विजेचा छोटा झटका देणाऱ्या पातळ चकत्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत स्वस्तात मिळतात. प्रत्येकीला समांतर 1 मेगाओमचा रेझिस्टर आणि 3.3 व्होल्टचा झेनर (जास्तीचा व्होल्टेज अडवणारा डायोड) लावाच, नाहीतर जोरात थोपटलं की थापा मोजणाऱ्या ईएसपी32 या छोट्या कंट्रोलर बोर्डाची पिन जाईल. एका थापेवर काहीच वाजू देऊ नका. सारख्या अंतराने चार-पाच थापा पडल्या की अंगाई हळूच सुरू व्हावी. गाणं वाजवणाऱ्या डीएफप्लेअर या छोट्या एमपी3 मोड्यूलला आवाजाच्या 0 ते 30 पायऱ्या असतात. थोपटणं थांबलं की एकेक पायरी उतरवत शांत करा आणि पॉज करा. पुन्हा हात पडला की तिथूनच पुढे. आवाज टिकवायचा तर हात चालू ठेवावा लागतो, आणि हात दुखेपर्यंत थोपटणं आईबापांना वेगळं सांगायला नको.

इथे एक मेख आहे. स्पीकर गाठोड्यातच ठेवला तर पायझो अंगाईलाच थाप समजते आणि यंत्र स्वतःलाच थोपटत बसतं. म्हणून स्पीकर पाळण्याच्या तळाशी वेगळ्या फळीवर, खाली रबराचे तुकडे देऊन बसवा, आणि गाणं चालू असताना थापेची उंबरठा पातळी, म्हणजे किती जोराचा धक्का थाप म्हणून मोजायचा ती मर्यादा, थोडी वाढवा.

कॅसेटबद्दल: डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, मगच रेकॉर्ड करा आणि मूळ डब्ल्यूएव्ही फाईल हात न लावता जपून ठेवा. मागे कुकरची शिट्टी येते, ती काढून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात काढू नका! ती तुमच्या घराची खूण आहे. सुबक केलेला आवाज कुणाच्याही आईचा वाटेल. टेपची खरखर मात्र कानाला टोचत असेल तर किंचित कमी करा.

प्रदर्शनात मांडण्याआधी भावंडांना एकदा ऐकवा आणि त्यांची परवानगी घ्या. पहिली चाचणी टेबलावर, पाळण्याशिवाय, एकाच चकतीवर करा. थापांचे आकडे सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाकडून येणारे आकडे दाखवणारी संगणकावरची खिडकी) कसे दिसतात ते इथे टाका, म्हणजे उंबरठा किती ठेवायचा ते मी नक्की सांगू शकेन.